युक्रेनमध्ये मुलांसोबत सहा आठवडे स्वयंसेवा: जावं का?

रेघोटी

नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होते. पहिलाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी बालवाडीत शिकवते, सात वर्षं झाली. येत्या उन्हाळ्यात सलग सहा आठवडे मोकळे आहेत आणि युक्रेनमध्ये जाऊन मुलांसोबत काम करावं असं फार दिवस डोक्यात आहे. एका संस्थेची जाहिरात दिसली: ल्वीव शहरात विस्थापित मुलांसाठी 'खेळ, कला आणि प्रेम'. अनुभवाची अट नाही, दोन आठवड्यांपासून पुढे कितीही दिवस या. राहणं-जेवण धरून १,६०० युरो भरायचे. जाहिरातीत एक चारेक वर्षांची मुलगी स्वयंसेवकाच्या गळ्यात हात टाकून बसली आहे. तो फोटो काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मला युक्रेनियन येत नाही. बोटांच्या बाहुल्या, बडबडगीतं, कागदकाम, लपवलेल्या वस्तू शोधण्याचे खेळ, हे सगळं येतं. आई म्हणते, युद्धात आपण होऊन कोण जातं. मैत्रीण म्हणते, जा, पुण्याचं काम आहे. दोघींचंही पटत नाही. प्रत्यक्ष जाऊन आलेलं कुणी असेल तर स्पष्ट सांगा: माझा तिथे उपयोग होईल, की मी त्यांना खाणारं आणखी एक तोंड होईन?

खडूस_आजोबा

कोरडी माहिती देतो, भावनेचं बाकीचे बघतील.

२४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश नागरी विमानांना बंद आहे. म्हणजे पोलंड किंवा शेजारच्या दुसऱ्या देशात उतरून पुढे रेल्वेने नाहीतर रस्त्याने. देशात लष्करी कायदा आणि रात्रीची संचारबंदी. आपला नेहमीचा प्रवासविमा युद्धातल्या इजेला एक छदाम देत नाही. पॉलिसीत 'वगळलेल्या बाबी' वाचा, सापडेल. ऑक्टोबर २०२२ मध्ये कीवच्या भारतीय वकिलातीने आठवड्याभरात दोनदा सांगितलं होतं की भारतीयांनी देश सोडावा. आजची सूचना काय आहे ते स्वतः बघा, मंचावर विचारू नका.

आणि १,६०० युरो देऊन फुकट राबायचं, हा हिशेब माझ्या डोक्यात बसत नाही.

ढगाळ_दुपार

रेघोटी, तू म्हणते, चालेल ना? वयाने बरीच मोठी आहे. जाहिरातीतला 'प्रेम' हा शब्द वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. लांबणार आहे.

नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही पोलंडमध्ये राहतो. मी चित्रकला शिकवायचे. मार्च २०२२ मध्ये मेदिकाच्या सीमेवर गेले, तेव्हा इथून जो तो जात होता. पलीकडे शेहिनी. तिकडून बायका मुलांना घेऊन तासन्‌तास रांगेत उभ्या राहून पायी अलीकडे यायच्या. आणि अलीकडे आम्ही काय घेऊन उभे? टेडी अस्वलं! डोंगर होता अक्षरशः. एका कडेवर मूल, दुसऱ्या हातात बॅग, खांद्याला मांजराची पेटी अशा बाईच्या हातात आम्ही एक गुलाबी अस्वल कोंबायचो आणि आपल्याच डोळ्यांत पाणी आणायचो. पुढे दोनशे पावलांवर तीच अस्वलं कुंपणाला टेकून ओळीने बसलेली असायची. त्या बाईला हवं होतं सिमकार्ड, चार्जर, सामानाची ढकलगाडी आणि 'ही बस कुठे जाते' हे तिला वाचता येईल असं लिहिलेलं. दुसऱ्या दिवसापासून मी पुठ्ठ्यांवर शहरांची नावं सिरिलिक लिपीत ठसठशीत रंगवायला लागले. चार दिवस तेवढंच केलं. ते चार दिवस कामी आले, एवढं छातीठोक सांगते. बाकीचं सांगताना हात आखडतो.

त्या ऑक्टोबरात ल्वीवला गेले, अकरा आठवडे. पोलंडचे रूळ १४३५ मिलिमीटर, युक्रेनचे १५२० मिलिमीटर. पण रुंद रूळ सीमा ओलांडून पोलंडमधल्या प्शेमिशल स्टेशनापर्यंत येतात, त्यामुळे तिथे एका बाजूच्या फलाटावर पासपोर्ट दाखवून थेट युक्रेनच्या गाडीत बसता येतं. घड्याळ एक तास पुढे करायचं. रेल्वे खात्याच्या धातूच्या कड्यात बसवलेला काचेचा पेला येतो, त्यात चहा. युद्धातसुद्धा तो चहा चुकला नाही, याचं मला फार अप्रूप वाटलं होतं.

ज्या छोट्या स्थानिक गटाकडे गेले त्यांच्यासोबत आधी पाच महिने सीमेवर काम झालं होतं. तरीही त्यांनी पोलिसांचा दाखला मागितला, दोन ओळखीच्या माणसांना फोन केले आणि दोन पानी नियमांवर सही घेतली. कुठल्याही मुलासोबत एकटं थांबायचं नाही, फोटो नाही, एकट्या मुलाला भेट नाही, वचन नाही. पैसे मागितले नाहीत. उलट विचारलं, तुझ्या जेवणाखाण्याचा खर्च तुला झेपेल ना.

पोचले त्याच आठवड्यात, १० ऑक्टोबरला, देशभर वीजकेंद्रांवर क्षेपणास्त्रं आली आणि ल्वीवची वीज गेली. त्यानंतर हिवाळाभर वीज वेळापत्रकाने. दुकानांबाहेर फुटपाथवर जनरेटर, सगळ्या गल्लीला डिझेलचा वास. आमची खोली एका शाळेच्या तळघरात होती. अंगावर पांढरा रंग मारलेले जाड पाईप, त्यांवर मुलांचे मोजे वाळत घातलेले. खारकीव, मिकोलायव, मारिउपोलकडची बावीस मुलं.

तुझ्यासारखंच मीही खेळांचं वेळापत्रक करून नेलं होतं, रंगीत. केंद्र चालवणाऱ्या बाई मुळात शाळेतल्या मानसतज्ज्ञ. त्यांनी ते शांतपणे वाचलं आणि तिसऱ्या दिवसाच्या 'खजिना शोध'वर आडवी रेघ मारली. म्हणाल्या, "जमिनीत सुरुंग आहेत. इथे आम्ही मुलांना शिकवतोय की अनोळखी वस्तू दिसली तर हात लावू नका. आणि तू त्यांना झुडपात हात घालायला लावणार?" पात्रोन नावाचं सुरुंग हुंगणारं छोटं कुत्रं तिकडे भलतंच प्रसिद्ध आहे, मे २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्याला पदक दिलं. त्याची चित्रं दाखवून मुलांकडून घोकून घेतात: जवळ जाऊ नको, हात लावू नको, १०१ ला फोन कर. चार वर्षांची मुलंही हे गाण्यासारखं म्हणतात. इतकी वर्षं मुलांमध्ये काम केलेली मी, आणि हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तुझ्या यादीतही तो खेळ आहे बघ. फुगेही त्यांनी बाहेरच ठेवायला लावले. का ते तुला कळेल.

आता भोंग्याचं. ल्वीव रणभूमीपासून शेकडो किलोमीटर लांब, तरी भोंगा का वाजतो? रशियात मिग-३१के जातीचं विमान उडालं की सगळ्या देशात इशारा देतात, कारण त्यावरचं किंजाल क्षेपणास्त्र मिनिटांत कुठेही पोचू शकतं. हे मला एका नऊ वर्षांच्या मुलीने समजावलं, पेन्सिलीला टोक करता करता. त्रिवोहा म्हणजे इशारा, विद्बीय म्हणजे संपला. बऱ्याच मुलांची एक पिशवी कायम भरलेली असते, तिला त्रिवोझ्ना वलीझ्का म्हणतात: कागदपत्रं, पाणी, मोजे, एखादं खेळणं. आणि ल्वीव सुरक्षित आहे असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. जुलै २०२३ मध्ये तिथल्या राहत्या इमारतीवर क्षेपणास्त्र पडून दहा माणसं गेली, सप्टेंबर २०२४ मध्ये एका घरातली आई आणि तिन्ही मुली.

एका संध्याकाळी बाहेर जनरेटरने मोठ्ठा बार काढला. मी टेबलाखाली! बावीसच्या बावीस मुलं जागच्या जागी, मान वर करून माझ्याकडे बघतायत. एक छोटी खाली वाकली, माझ्या हातात अर्धं बिस्कीट ठेवलं आणि म्हणाली, "हेनेरातोर." धीर द्यायला गेलेली बाई कोण होती, तर मी.

आणि ज्यासाठी एवढं लिहितेय ते आता. एक आठ वर्षांचा मुलगा होता, खारकीवकडचा. नाव लिहीत नाही. करडी लोकरी टोपी घरातही काढायचा नाही. पहिले दोन आठवडे बोललाच नाही. मग एकदा कागदाची होडी शिकवली. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्यासाठी शेजारची खुर्ची धरून ठेवली. रोज एक होडी आणि रोज खुर्ची. मी हवेतच होते, खोटं कशाला बोलू. मराठीतून घरी मेलवर मेल, 'मला बघून तो बोलायला लागला'. डिसेंबरात निघायच्या दिवशी त्याने विचारलं, "कोली?" कधी? सही केलेल्या कागदावर 'वचन नाही' असं लिहिलेलं होतं, आणि माझ्या तोंडातून गेलं, "वेस्नोयू." वसंतात.

वसंतात सासूबाई पडल्या, मांडीचं हाड मोडलं. जाणं झालं नाही. तिकडे वसंत १ मार्चपासून मोजतात, हे मला कुठे ठाऊक. १ मार्चला तो दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसला, होडीसकट. २ तारखेलाही. बाईंचा निरोप आला तो माझ्याकडे अजून जपलेला आहे. त्यांनी रागावून काही लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं, भेटवस्तू पाठवू नकोस, एक पत्र पाठव, 'मी येणार नाही' असं स्पष्ट लिहून, मी वाचून दाखवते. तीन ओळींचं ते पत्र लिहायला मला चार दिवस लागले.

त्या मुलाचे वडील सैन्यात, घर गेलेलं, शाळा गेलेली, कुत्रं मागे राहिलेलं. जी जी माणसं आणि वस्तू निघून गेल्या त्यांच्या यादीत मी स्वतःहून नाव घातलं, तेही रेल्वेचं तिकीट काढून.

मग उपयोग कशाचा झाला? सांगते, आणि यात 'प्रेम' कुठेच नाही. रोज सकाळी ऐंशी स्केचपेनं कागदावर ओढून बघायची आणि वाळलेली टाकायची. निळा आणि पिवळा सगळ्यांत आधी संपतो. थंडगार पाण्यात बावीस कप धुवायचे. तळघरात उतरताना दाराशी उभं राहून डोकी मोजायची, कारण मोजणाऱ्याला भाषा लागत नाही. आणि दुपारी दोन ते तीन खोलीत नुसतं बसायचं, म्हणजे तिथली शिक्षिका तासभर झोपू शकायची. तिचा नवरा बाखमुतच्या आघाडीवर लढत होता. ती झोपली की उरलेला दिवस तिचा आवाज चढायचा नाही, आणि मुलांना तिचा आवाजच हवा होता. माझा नाही.

पायी_पिसोचिन

ढगाळताई, टोपीवाल्याचं वाचून थोडा वेळ तसाच बसलो.

मी वेगळ्या बाजूने लिहितो. २०२२ मध्ये खारकीवला मेडिकलच्या चौथ्या वर्षाला होतो. २४ फेब्रुवारीच्या पहाटेपासून मेट्रो स्टेशनात मुक्काम. गाड्या फलाटाला उभ्या करून ठेवल्या होत्या आणि डब्याडब्यांत लोक झोपायचे. १ मार्चला आमच्यातला एक विद्यार्थी खायला आणायला बाहेर पडला आणि तोफगोळ्यात गेला. २ तारखेला वकिलातीचा निरोप: संध्याकाळी सहाच्या आत पिसोचिन, बाबाय किंवा बेझ्ल्युदिव्का गाठा, वाहन नसेल तर चालत. पिसोचिन अकरा किलोमीटर. माझ्या आयडीचा उगम तो.

आमच्या डब्यात दहा-बारा लहान मुलं होती. आम्ही सहा पोरं, अंगात उत्साह, त्यांना मोबाईलवर गेम दाखव, हिंदी गाण्यांवर नाच. मुलं हसायची, मग मध्यरात्रीपर्यंत झोपायची नाहीत, मग रडायची. तिसऱ्या दिवशी एका आजींनी आम्हाला हाकललं. त्या रोज रात्री आठला एकच गोष्ट वाचायच्या, पुस्तक एकच होतं त्यांच्याकडे. सगळ्यांना पाठ झालेली. पण आठ वाजले की मुलं आपोआप गोळा व्हायची आणि साडेआठला डोळे मिटलेले. बालमानसशास्त्राचा पेपर मी नंतर दिला, पण शिकलो तिथे.

खारकीवमध्ये सप्टेंबर २०२३ पासून मेट्रो स्टेशनांत वर्ग भरतात, आणि मे २०२४ मध्ये खास जमिनीखाली बांधलेली पहिली शाळा सुरू झाली. तिथे उभं करायचं मनुष्यबळ त्यांच्याकडेच आहे, शिक्षक एक नंबर आहेत. त्यांना बाहेरून हवं असतं ते इंग्रजी बोलायला कुणीतरी. आमचा सात-आठ जणांचा गट आहे, पाचजण तेव्हाचे खारकीवचे विद्यार्थीच. दर गुरुवारी ऑनलाइन अर्धा तास, मुलांची शिक्षिका कायम सोबत असते. मला अडीच वर्षं झाली. एक मुलगी चौदा महिने कॅमेरा बंद ठेवून बसायची. पंधराव्या महिन्यात कॅमेऱ्यासमोर तिने फक्त तिचा हॅमस्टर धरला. पुढच्या गुरुवारी सगळ्यांनी हॅमस्टरवर प्रश्न आणले होते.

रेघोटी, भाषेचं एक लक्षात ठेव. खारकीवच्या बऱ्याच घरांत आधी रशियन बोलायचे, युद्धानंतर कितीतरी घरांनी ठरवून सोडली. काहींनी नाही. त्यामुळे मूल ज्या भाषेत बोलेल तीच धरायची, आपण ठरवायचं नाही. आणि 'तुझं घर कुठे', 'बाबा काय करतात' हे आपले ओळखीचे प्रश्न विसरायचे. 'तुझ्याकडे कुठला प्राणी आहे' हासुद्धा जपून, ताईंनी वर कुत्र्याचं लिहिलंच आहे. मी 'आज नाश्त्याला काय खाल्लंस' यावर अडीच वर्षं काढली आहेत.

कलमदाणी

रेघोटी, तुम्ही म्हणताय ती संस्था कुठली हे विचारत नाही आणि इथे नाव लिहूही नका. पण 'अनुभवाची अट नाही' आणि 'पोलीस दाखला नको' हे एकत्र आलं तर तिथून परत फिरा. जिथे मला सहज आत घेतात तिथे कुणालाही सहज आत घेतात, हा साधा विचार.

चांगल्या मनाने केलेल्या कामाचा इतिहास फार चांगला नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये एक फ्रेंच गट चाडमधून १०३ मुलांना 'दारफूरचे अनाथ' (दारफूर म्हणजे शेजारच्या सुदानमधला युद्धग्रस्त भाग) म्हणून विमानाने फ्रान्सला नेत होता. विमानतळावर अटक झाली. बहुतेक मुलं अनाथ नव्हती आणि दारफूरचीही नव्हती, चाडमधल्याच गावांतली, आईबाप असलेली. जानेवारी २०१० मध्ये हैतीच्या भूकंपानंतर दहा अमेरिकन लोक ३३ मुलांना सीमेपार नेताना पकडले गेले. तिथेही अनेकांचे पालक जिवंत. त्यातल्या बहुतेकांना मनापासून वाटत होतं की आपण मुलांना वाचवतोय.

युक्रेनमध्ये युद्धाआधी सुमारे एक लाख मुलं वसतिगृहवजा सरकारी संस्थांत राहत होती आणि त्यांतल्याही बहुतेकांचे आईवडील हयात. युद्ध सुरू होताच त्या देशाने परदेशी दत्तकविधान थांबवलं ते याच भीतीपोटी: गोंधळात मूल एकदा देशाबाहेर गेलं की त्याचा माग लागत नाही. १७ मार्च २०२३ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने पुतिन यांच्यावर काढलेलं अटक वॉरंटही मुलांना बेकायदा रशियात हलवण्यावरूनच आहे. त्यामुळे तिथे मुलांजवळ येणाऱ्या परक्या माणसाकडे संशयाने बघतात, आणि बघायलाच हवं. राग मानू नये.

उगाच_आपलं

म्हणजे सगळ्यांचा सूर 'जाऊ नको'. ढगाळताई, तुम्ही स्वतः अकरा आठवडे जाऊन आलात. पोटभर जेवून उठायचं आणि दुसऱ्याला उपासाचं महत्त्व सांगायचं, हे बरं आहे. सगळेच घरी बसले तर त्या शिक्षिकेला दुपारी झोपायला कोण देणार होतं?

ढगाळ_दुपार

उगाच, लागलं, पण बरोबर लागलं. दोन दिवस विचार करत होते.

'जाऊ नको' असं मला म्हणायचं नाही. मी पुन्हा गेले आहे, २०२४ मध्ये, तीन आठवडे. पण मुलांच्या खोलीत नाही. त्या केंद्राच्या तळघराला दुसरा जिना हवा होता, बांधकामाला परवानगी, लोखंड, पैसे. पोलंडमधून जमवाजमव मी केली आणि जिना उभा राहीपर्यंत तिथे मुकादमासारखी उभी राहिले. मुलं वरून बघायची. टोपीवाल्याचं कुटुंब तोवर जर्मनीला गेलं होतं. त्याची होडी बाईंच्या कपाटावर होती. ती मागून घ्यावी असं फार वाटलं, मागितली नाही.

मुलांच्या खोलीत शिरायचंच असेल तर भाषा यावी, निदान सहा महिने राहता यावं, आणि निघताना तुमची जागा घेणारं माणूस मुलांना आधीच ओळखीचं झालेलं असावं. माझ्याकडे यांतलं एकही नव्हतं. अकरा आठवडे हा काळ तर फार वाईट: ओळख घट्ट व्हायला पुरतो आणि निभवायला पुरत नाही. दोन आठवड्यांत निदान मूल तुम्हाला फारसं धरत नाही. आणि रेघोटी, त्या फोटोतली मुलगी पहिल्या भेटीत परक्याच्या गळ्यात पडत असेल तर तू बालवाडीची शिक्षिका आहेस, ते कशाचं लक्षण असू शकतं हे तुला मी सांगायला नको.

एक काम घरबसल्या कर. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचारावर एक पुस्तिका काढली आहे, आपत्तीत काम करणाऱ्या साध्या माणसांसाठी, फुकट मिळते. तिचा गाभा तीन शब्दांचा आहे: बघा, ऐका, जोडून द्या. 'बरं करा' त्यात कुठेच नाही. मी ती ल्वीवहून परत आल्यावर वाचली. उलटा क्रम.

रेघोटी

सगळ्यांचे आभार. आठवडाभर काहीच लिहिलं नाही कारण उत्तराची वाट बघत होते.

त्या संस्थेला मेल केली. पोलिसांचा दाखला कधीपर्यंत पाठवू, मुलांसोबत कायम असणारी स्थानिक शिक्षिका कोण, तिच्याशी आधी बोलता येईल का, जाहिरातीतल्या मुलीच्या पालकांनी फोटोला परवानगी दिली आहे का, आणि भोंगा वाजला तर मुलांना घेऊन कुठे जायचं. तासाभरात उत्तर आलं. दाखल्याची गरज नाही, 'आमचा स्वयंसेवकांवर विश्वास आहे'. शिक्षिकेबद्दल काही नाही. फोटोबद्दल काही नाही. आसऱ्याबद्दल 'तिथे गेल्यावर सांगतील'. आणि या महिन्यात पैसे भरले तर १० टक्के सवलत.

सवलत वाचून हसू आलं, मग लाजही वाटली. कारण तो फोटो बघून मी भरायलाच निघाले होते. ढगाळताई, त्या मुलीबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. माझ्या वर्गात नवीन आलेलं मूल पहिल्या दिवशी असं बिलगलं तर मी त्याच्या घरी फोन करते. इथे मात्र मला वाटलं, किती गोड.

आईला सांगितलं, मी जात नाही म्हणून. तिला वाटतंय तिच्या बोलण्याने थांबले. वाटू दे.

पायी_पिसोचिन दादा, तुमच्या गुरुवारच्या गटात जागा आहे का? मला इंग्रजी शिकवायचा अनुभव नाही, पण बोटांच्या बाहुल्या कॅमेऱ्यासमोर चालतील असं वाटतं. युक्रेनियनचा वर्गही शोधलाय, मुळाक्षरांपासून. सहा आठवड्यांसाठी नको, वर्षभर तरी येईन म्हणते. हे वचन नाही, आधीच सांगते.

पायी_पिसोचिन

जागा आहे. निरोप पाठवलाय, त्यात अर्ज आहे. दाखला लागेल, शिक्षिका तुझ्याशी दोनदा बोलेल आणि पहिले चार गुरुवार तू फक्त ऐकायचं. बाहुल्या पाचव्या गुरुवारी काढ. लहान गट आहे, सहा ते आठ वर्षांची मुलं, बाहुल्यांवर तुटून पडतील.

वेळ कीवच्या घड्याळाने संध्याकाळी पाच. भोंगा वाजला तर शिक्षिका काही न बोलता बंद करेल, घाबरू नकोस, मागे फोन करू नकोस. हिवाळ्यात वीज जाते, मग एकही मूल दिसत नाही. तरी अर्धा तास कॅमेरा चालू ठेवून बसायचं. मागच्या जानेवारीत पंचवीस मिनिटं मी रिकाम्या पडद्यासमोर बसलो होतो. सव्वीसाव्या मिनिटाला एक जण आईच्या फोनवरून आला, अंधारात, आणि म्हणाला, ऑम्लेट.